या उन्हाळ्यात आम्हांला आवडलेली पुस्तकं

आरोग्यधाम, इसिक-कुल
१२ जून १९९७

नुरिपा,

पोचले. इथे खाट आहे, खिडकी आहे, खिडकीत सरोवर आहे आणि शेजारच्या खाटेवर गालिना नावाची निवृत्त शिक्षिका आहे. ती झोपेतसुद्धा कुणाच्या तरी वह्या तपासत असते. डॉक्टर म्हणतात, छातीच्या ऑपरेशनचं काम नीट झालंय. आता ऑगस्टच्या मध्यापर्यंत हळू चालायचं, अळणी खायचं आणि मनाला काही लावून घ्यायचं नाही. पहिल्या दोन गोष्टी मी सांभाळीन. तिसरी तुमच्या हातात आहे.

शाळा सुटल्या, लोक बिऱ्हाडं घेऊन वरच्या कुरणांवर निघाले असतील, आणि ग्रंथालयातलं आपलं 'या उन्हाळ्यात आम्हांला आवडलेली पुस्तकं'चं कपाट या वर्षी माझ्याशिवाय लागणार. नियम तुला माहीत आहे, तरी पुन्हा सांगते, कारण माझी पाठ वळली की नियमांना पाय फुटतात. जे स्वतः वाचलं आणि स्वतःला आवडलं तेच ठेवायचं, आणि खाली आपलं नाव लिहायचं. वरून आलेल्या याद्या आपण आयुष्यभर भिंतीवर डकवल्या, त्या माश्यांशिवाय कुणी वाचल्या नाहीत. क्लारा बालविभागातलं काहीतरी हसवणारं ठेवील. तिला दुसरं काही पचत नाही. एसेनगुल फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे लावता लावता एकच पुस्तक वाचतो, ट्रॅक्टर दुरुस्तीचं. तेच ठेवू दे. दरवर्षी सगळ्यात आधी तेच जातं.

माझा भाऊ शार्शेन पीठ न्यायला खाली येईल. त्याच्यासाठी माझ्या टेबलाच्या खणात नावाड्याची कादंबरी ठेवली आहे, ती दे. दर उन्हाळ्याला त्याचं पुस्तक मी निवडते आणि दर शरदात तो ते परत करताना मला शिव्या घालतो. आमचं भाऊ-बहिणीचं बोलणं म्हणजे एवढंच. महिन्याभरात घोडीच्या दुधाचं ताजं किमिझ घेऊन भेटायला येतो म्हणालाय.

आता खरं सांग. मी निघाले त्या दिवशी माझ्या ग्रंथपालाच्या खुर्चीची गादी तू उन्हात टाकली होतीस, मी मोटारीतून पाहिलं. जिच्यावर दोन महिने कुणी बसणार नाही त्या खुर्चीची गादी कुणी कशाला वाळवतं?

बुरुलचा


कारा-बुलाक ग्रंथालय
२० जून १९९७

बुरुलचा एजे,

गादीला कसर लागली होती. खुर्ची रिकामी आहे, तिच्यावर मी नकाशांची गुंडाळी ठेवली आहे म्हणजे कुणी चुकूनही बसणार नाही.

कपाट लागलं. क्लाराने बोलक्या बोकडाचं पुस्तक ठेवलं आणि ते ठेवताना पुन्हा वाचत बसली, त्यामुळे बालविभाग दुपारपर्यंत बंद राहिला. एसेनगुलचा ट्रॅक्टर पहिल्याच दिवशी गेला. मी मिठाच्या तांड्याची कादंबरी ठेवली आहे. माझ्या नावाखालून अजून कुणी काही उचललेलं नाही, पण मी मनाला लावून घेत नाही.

शार्शेन बाइके, तुमचे दादा, आले होते. घोडा बाहेर बांधला आणि टोपी न काढता आत आले. नावाड्याची कादंबरी हातावर तोलून म्हणाले, "बुरुलचाने निवडलंय म्हणजे पहिली पन्नास पानं पाऊस आणि शेवटची पन्नास पानं पश्चात्ताप." मी म्हटलं, मग ट्रॅक्टरचं येईपर्यंत थांबा. तर म्हणाले, "नको. तिने दिलेलं वाईट पुस्तक वाचायची सवय झालीय." जाताना दारातून वळून तुमच्याबद्दल विचारलं. किमिझ घेऊन नक्की येतो, डॉक्टर नको म्हणाले तर आधी डॉक्टरला पाजतो, असं तुम्हांला कळवायला सांगितलं आहे.

तब्येत सांभाळा. इथे काहीही बदललेलं नाही.

तुमची नुरिपा


वरचं कुरण, सोंग-कोल
३ जुलै १९९७

नुरिपा बाळा,

हे मी सांगते आहे आणि सून लिहून घेते आहे, माझा हात चालत नाही. तुझा शार्शेन बाइके, माझा धनी, गेला. घोड्यांची धार काढून आला, चहा मागितला, मी चहा ओतेपर्यंत अंथरुणाच्या चळतीला टेकून संपला होता. दफन झालं, सातवा झाला. माणसं खूप आली. पण भावाच्या तंबूत सख्खी बहीण टाहो फोडायला नाही, असं आमच्या घरात पहिल्यांदा झालं. मी एकटी भिंतीकडे तोंड करून रडत होते आणि प्रत्येक बाई आत येऊन आधी विचारत होती, बुरुलचा कुठे आहे.

मोठ्या मुलाने खाली जाऊन तिच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, टाके कोवळे आहेत, ही बातमी आत्ता कळली तर मी जबाबदार नाही, ऑगस्ट अर्धा होऊ द्या. मग म्हाताऱ्या मंडळींनी बसून ठरवलं की तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. नंतर मामबेतआजोबा चार माणसं घेऊन जातील आणि रीतीप्रमाणे सांगतील.

आम्ही लिहिलं तर ती ओळखेल. तिचं नाक तुला माहीत आहे. म्हणून तू लिहीत राहा, पुस्तकांचं लिही. आणखी एक. मामबेतआजोबा म्हणाले, पूर्वी असली बातमी कुणी धोंड्यासारखी तोंडावर मारत नसत. आधी गोष्ट सांगत. गोष्टीतलं माणूस जाई, ऐकणाऱ्याच्या मनाची जमीन भिजे, मग खरं नाव घेत. म्हणाले, त्या पोरींकडे गोष्टींनी भरलेली अख्खी खोली आहे, त्यातलं काहीतरी आधी पाठवा म्हणावं.

तुझ्यावर हे ओझं टाकते आहे. दुसरं कुणी सुचत नाही.

उलकान


आरोग्यधाम
८ जुलै १९९७

नुरिपा,

कुठेतरी पाणी मुरतंय. काल इथल्या कार्यालयात तासभर बसून ग्रंथालयाला फोन लावला. क्लाराने उचलला. माझा आवाज ऐकून 'एजे' एवढंच म्हणाली आणि लाइन तुटली. तुटली की तोडली? क्लारा ही बाई चुकीचा नंबर लागला तरी समोरच्याला सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं सांगते. तिच्याकडे माझ्याशी बोलायला काहीच नव्हतं?

मला वाटतं, तालुक्याच्या सांस्कृतिक कार्यालयातून कुणीतरी आलं आहे. खुर्चीवरची नकाशांची गुंडाळी उचलली गेली आहे. नवीन माणूस मुळात शहरातला असणार आणि तुम्हांला सांगितलं असणार की म्हातारीला कळू देऊ नका, तिचं हृदय नाजूक आहे. हृदयाचं निमित्त करून माणसाला खुर्चीवरून उठवणं फार सोपं असतं. तू नाही म्हणशील. ठीक आहे, नाही म्हण. पण हे लक्षात ठेव की कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.

शार्शेनचाही पत्ता नाही. घोड्या व्यायल्या की तो बायकोलासुद्धा ओळखत नाही हे खरं, पण महिना होत आला. वरून कुणी पीठ न्यायला आलं तर विचार. नावाड्याबद्दल काय म्हणाला तेही विचार.

इथे ग्रंथालय म्हणजे रक्तदाबावरची चार चोपडी. तेव्हा तुम्ही तिघांनी आपापल्या आवडीचं एकेक पुस्तक मला पाठवा. कपाटातलं नको, ते मला पाठ आहे. या उन्हाळ्यात मी वाचायला हवं असं तुम्हांला मनापासून वाटतं ते. निदान तेवढ्यावरून मला तुमच्या पोटात काय आहे ते कळेल.

बुरुलचा


कारा-बुलाक ग्रंथालय
१५ जुलै १९९७

एजे,

कुणीही आलेलं नाही. गुंडाळी जागेवर आहे. फोनची लाइन सगळ्या गल्लीची तुटली होती, पावसामुळे.

तीन पुस्तकं पाठवते आहे. माझं मिठाच्या तांड्याचं. कपाटातलं नको म्हणाला होतात, पण हे तुम्ही वाचलेलं नाही असं मला वाटतं. क्लाराने रानबदकांची गोष्ट निवडली आहे. एसेनगुलने पाणचक्कीची कादंबरी दिली आहे. तिघांनाही ही मनापासून आवडतात. सावकाश वाचा, एका दमात वाचू नका. दमलात की पुस्तक बाजूला ठेवा. आधी क्लाराचं वाचा, मग माझं, पाणचक्कीचं शेवटी.

वरून निरोप आला होता. शार्शेन बाइकेंना नावाड्याची कादंबरी फार आवडली. वाचताना डोळ्यांत पाणी आलं म्हणे. घोड्यांच्या गडबडीत आहेत, त्यामुळे यायला जमत नाही.

कपाटातली जवळजवळ सगळी पुस्तकं वर गेली आहेत. लोक तुमची आठवण काढतात.

नुरिपा


आरोग्यधाम
२५ जुलै १९९७

नुरिपा,

तिन्ही वाचली. तुझ्या क्रमाने नाही. आधी पाणचक्की वाचली, कारण तू ती शेवटी वाच म्हणालीस.

आता मी सांगते आणि तू ऐक. पाणचक्कीत चक्कीवाला मरतो आणि त्याच्या आंधळ्या आईला कळू नये म्हणून गावकरी रोज जाऊन चक्की फिरवतात. दाणे नसले तर रिकामी फिरवतात. बदकांच्या गोष्टीत थव्यातलं एक बदक वाटेत पडतं आणि बाकीची पिल्लांना खाली पाहू देत नाहीत. तुझ्या तांड्यात दोघं भाऊ निघतात आणि बर्फातून एकच परत येतो. तीन माणसांची तीन पुस्तकं, आणि तिन्हींत कुणीतरी मरतं आणि कुणीतरी गप्प बसतं. गालिनाला सांगितलं तर ती म्हणाली, योगायोग. गणिताच्या बाईला योगायोग वाटणारच.

मी तुम्हांला ओळखते. क्लाराने जन्मात रडकं पुस्तक हातात धरलेलं नाही. मागे शाळेच्या मास्तरांनी तिच्याकडे एक आग्रहाने दिलं, तर दुसऱ्या दिवशी पान तीनवर कोणाची तरी आजी मरते म्हणून परत करून आली. तिला रानबदकं आवडली? आणि एसेनगुल, ज्याचं सगळं साहित्य ट्रॅक्टरच्या गिअरपाशी संपतं, तो मला कादंबरी पाठवतो? कपाटाचा एकच नियम मी तुम्हांला इतकी वर्षं शिकवला, आवडलं तेच द्यायचं, आणि तो तुम्ही तिघांनी एकाच पाकिटात मोडलात. म्हणजे ही पुस्तकं तुम्हांला आवडली नाहीत. ती तुम्हांला उपयोगी वाटली.

पहिल्यांदा मी म्हटलं, खुर्चीच. मला हळूहळू समजावताहेत की एक बदक पडलं तरी थवा पुढे जातो. तुला इथून दोन शिव्या लिहिल्याही होत्या, त्या फाडल्या. मग रात्री पाणचक्की पुन्हा चाळली आणि सगळं लख्ख दिसलं. खुर्चीसाठी कुणी इतकं हळवं होत नाही. डॉक्टरांनी तुम्हांला माझ्याबद्दल काहीतरी सांगितलंय. काम नीट झालेलं नाही. मी मरणार आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे आणि तुम्ही माझ्यासाठी रिकामी चक्की फिरवताय.

तसं असेल तर सांगून टाक. मला भीती नाही असं म्हणणार नाही, आहे. सकाळी उठल्यावर आधी छातीवर हात ठेवून पाहते. पण मरणाऱ्या माणसाला आवरायला वेळ लागतो. आईच्या दागिन्यांचं शार्शेनच्या मुलींना सांगायचंय. शार्शेनशी तर आयुष्यात एकदा नीट बोलायचं राहिलंय. आम्ही दोघं नेहमी पुस्तकांच्या आडून बोललो. त्याला ताबडतोब बोलावून घे.

आणि हो, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं हे तुला कुणी सांगितलं? माझ्या भावाच्या डोळ्यांत धुराशिवाय कशाने पाणी येत नाही. त्याला आवडलेलं पुस्तक अजून छापायचं आहे. तू त्याला स्वतः भेटलीस का?

बुरुलचा


कारा-बुलाक
१ ऑगस्ट १९९७

उलकान झेंगे,

हे माझ्याने होत नाही. सोबत एजेंचं पत्र ठेवलं आहे, सुनेकडून वाचून घ्या. त्यांना वाटतंय की त्या स्वतः मरणार आहेत. आम्ही दुःखासाठी जमीन भिजवायला निघालो आणि त्यांना स्वतःच्याच कबरीत नेऊन बसवलं. क्लारा पत्र वाचून दिवसभर कपाटामागे रडली. पुस्तक तिने स्वतः निवडलं होतं, आणि निवडण्यासाठी बिचारीने तीन दुःखी पुस्तकं पूर्ण वाचली होती.

मी एजेंना एवढंच लिहिते की तुम्ही मरणार नाही. हे खरं आहे, ते मी शपथेवर लिहू शकते. पण बाइकेंबद्दल यापुढे माझ्याकडून खोटं लिहवणार नाही. एकदा लिहिलं, तर त्यांनी शब्दागणिक पकडलं. काहीच लिहिणार नाही. तुम्ही मामबेतआजोबांना सांगा, पंधरा तारखेची वाट पाहू नका.

नुरिपा


कारा-बुलाक ग्रंथालय
१ ऑगस्ट १९९७

एजे,

तुम्ही मरणार नाही. माझ्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून लिहिते. डॉक्टरांनी आम्हांला तसं काहीही सांगितलेलं नाही. उलट टाके छान भरले आहेत असं म्हणाले. हवं तर त्यांनाच समोर बसवून विचारा, आणि मी खोटं बोलले असं निघालं तर परत आल्यावर मला कामावरून काढून टाका.

खुर्ची तुमची आहे. पुस्तकं पाठवण्यात चूक झाली, ती आमची. क्लारा आणि एसेनगुल माफी मागतात.

व्यवस्थित जेवा. सकाळी छातीवर हात ठेवून पाहू नका.

तुमची नुरिपा


आरोग्यधाम
८ ऑगस्ट १९९७

नुरिपा,

तुझी शपथ मानली. मुलीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं लिहिणाऱ्यातली तू नाहीस. तरी स्वभावाला औषध नाही, म्हणून डॉक्टरला समोर बसवलं. त्याने छाती ऐकली आणि मला धक्क्यापर्यंत चालायची परवानगी दिली. परवा गेलेही. लोक पाण्यात पोहत होते. मी बाकावर बसून तुझं पत्र पुन्हा वाचलं.

म्हणजे मी मरत नाही. हे कळल्यावर माणसाने हलकं व्हायला हवं. मीही अर्धा तास झाले. मग मनात आलं, मी शार्शेनला ताबडतोब बोलाव म्हटलं होतं, त्याचं काय झालं? तुझ्या पत्रात त्याच्याबद्दल एक ओळ नाही. 'येतो' नाही, 'येत नाही' नाही, घोड्या नाहीत, कादंबरी नाही. पहिल्या पत्रात तू त्याची टोपीसुद्धा सोडली नव्हतीस.

मी तुम्हां सगळ्यांवर संशय घेतला, खुर्चीवरून घेतला, डॉक्टरवर घेतला, क्लाराच्या फोनवर घेतला. फक्त एका जागी घेतला नाही, कारण तिथे घ्यायची कधी वेळच आली नव्हती. बाकावर बसून मी साधा हिशेब केला. मी मरायला टेकले असते तर सगळ्यात आधी कोण आलं असतं? तू नाही, क्लारा नाही. शार्शेन आला असता. घोडा थकला असता तर पायी आला असता, आणि दारातच म्हणाला असता, काय नाटकं लावली आहेस. दोन महिने मी इथे पडले आहे, गावभर माझ्या हृदयाची काळजी आहे, आणि तो येत नाही. तो न येण्याचं एकच कारण असू शकतं.

तुझ्या तांड्यात दोघं भाऊ निघतात. त्यातला कोणता भाऊ मी आहे, ते मी चुकीचं ओळखलं.

हे लिहिताना मी बसले आहे, श्वास चालू आहे, गालिना समोर पत्ते मांडते आहे. काही फुटलं नाही, तुटलं नाही, तेव्हा भिऊ नकोस. छाती दुखते, पण ती टाक्यांच्या जागी दुखत नाही. माझ्या पाठचा नाही, माझ्या पुढचा होता तो. मी चालायला लागले तेव्हापासून माझ्या पुढे चालत होता. त्याला मी कधी सांगितलं नाही की त्याच्या शिव्या ऐकण्यासाठी मी प्रत्येक पुस्तक मुद्दाम पावसाचं आणि पश्चात्तापाचं निवडत होते.

तुमच्यावर राग नाही. रीत तुम्ही पाळलीत, गोष्ट आधी पाठवलीत. पण ही रीत ज्यांनी सुचवली असणार त्या मामबेतआजोबांना सांग की पुस्तकाने हे काम होत नाही. पुस्तकात नाव दुसऱ्याचं असतं, आणि माणूस दुसऱ्याचं नाव धरून शेवटपर्यंत सुटका शोधत राहतो. मी शोधलीच ना, महिनाभर.

तेव्हा या. चौघं-पाचजण या, म्हातारे पुढे, बायका मागे, माझी वहिनी उलकान झेंगे सोबत. माझ्यासमोर बसा आणि त्याचं नाव घेऊन सांगा. मी सगळं पहिल्यांदाच ऐकते आहे असं ऐकेन, मामबेतआजोबांचं बोलणं मध्ये तोडणार नाही. कुणी सांगितल्याशिवाय मला टाहो फोडता येत नाही, नुरिपा. माझा भाऊ मेला आणि मी अजून रडलेली नाही. लवकर या.

बुरुलचा